गोदक्का निघाली होती कुठं?

कन्नड मुलखातल्या आनेकलच्या त्या लहानशा घरात त्या दिवशी माणसं मावत नव्हती आणि संहिता एका जागी ठरत नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन तिनं भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. बाहेरच्या खोलीत येऊन सतरंजीची चुणी सरळ केली. ती सरळच होती. गोदक्काच्या फोटोपुढची समई चांगली तेवत होती, तरी वात पुढे सारायला गेली आणि बोट पोळून घेतलं. "अगं, बस की स्वल्प," असं दोघी-तिघींनी सांगून झालं. संहिता बसायची, टेकल्यासारखं करायची आणि उठायची. अंगात कुसळ शिरलं की माणसाचं होतं ना, तसं. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि टोचायचं काही थांबत नाही.

गोदक्काचं तेरावं होतं. गोदूबाई तिचं नाव. संहिता आणि हर्ष या दोघा भावंडांची ती आत्या. पण त्यांचे वडील, रघुपती, तिला अक्का म्हणायचे, म्हणून पोरांच्या तोंडीही गोदक्काच बसलं. हर्ष पाळण्यात असतानाच आई गेली, तेव्हा आई म्हणून या दोघांना आठवायचं ते गोदक्काचं पोट, गोदक्काची मांडी, गोदक्काच्या पदराला येणारा मशिनच्या तेलाचा वास. रघुपती गेले, शहराच्या बाजारपेठेतली, चिकपेटची जागा सोडावी लागली, आणि गोदक्का हर्षबरोबर आनेकलला राहायला आली. हर्ष तिथल्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर. संहिता लग्न होऊन एचएसआर लेआउटमध्ये; तिचा नवरा मुकुल पुण्याचा, सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर.

तेरा दिवसांपूर्वी सकाळी गोदक्का हातात कापडी पिशवी घेऊन घरातून निघाली. रिक्षानं स्टँडवर गेली आणि शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसली. चंदापूर मागं पडलं तसं तिचं डोकं शेजारच्या बाईच्या खांद्यावर आलं. म्हातारीला डुलकी लागली असेल म्हणून त्या अनोळखी बाईनं बराच वेळ खांदा हलवला नाही.

गोदक्का गेली ती अशी. ऐंशीला टेकलेल्या बाईला असं मरण म्हणजे सोनं, असं जो तो म्हणत होता. पण सोनं झालं तरी प्रश्न उरायचा तो उरलाच. निघाली होती कुठं? ती बस थेट मार्केटपर्यंत जाणारी. मार्केटला उतरलं की चालत चिकपेट, तिथं तिचे चुलतभाऊ आप्पाजी. त्याआधी सिल्क बोर्डला उतरलं की एचएसआर, तिथं संहिता. आणि वाटेत देवळं काय थोडी आहेत? बायकांना बस फुकट. कुठं उतरायचं ते लिहिलेलं फुकटच्या तिकिटाचं चिटोरं त्या गडबडीत कुठं पडलं ते पडलं. पिशवीत निघाल्या दोन साड्या. दोन साड्या घेऊन माणूस कुठंही जातं.

निघण्याआधी तिनं संहिताला फोन केला होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. "बरं-वाईट विचारलं, आणि निरोप घेऊन फोन ठेवला," असं संहितानं सांगितलं, तेव्हा बायकांनी हात जोडले. "कळलं होतं हो तिला. लेकीचा निरोप घेऊन निघाली. भाग्याची ग बाई तू!" भेटायला येणारी प्रत्येक जण हेच म्हणायची. हे भाग्य संहितानं इतके दिवस शालीसारखं अंगावर घेतलं होतं, आणि टोचत होतं ते त्या शालीच्या आतूनच कुठंतरी.

"आमच्याकडेच निघाली होती ती," सुभद्राकाकू भिंतीला टेकून सांगत होत्या. आप्पाजींची ही बायको. तोंडाची तिखट, पण कुणाच्या घरी अडलं-नडलं की पहिली हजर. "दुसरं कुठं जाणार? उभा जन्म चिकपेटात गेला तिचा. आमच्या दुकानाच्या साड्या, आमच्याच माडीवर तिची मशिन."

"आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे की तुझ्याकडे?" आप्पाजींनी विचारलं.

"एकच ते!"

"एकच कसं? तुझ्याकडे येणारा माणूस दोन साड्या आणतो होय? कापसाचे बोळे आणतो. कानात घालायला."

खोलीत हसू फुटलं. तेराव्याच्या घरात हसावं की नाही याचा विचार करून मग दबलंही. पण गोदक्काच्या नावानं हसू यायचंच. तिचा सगळा जन्म फॉल-पिकोत गेला. चिकपेटच्या त्या बोळात खाली होलसेलची दुकानं, गाठोडी, हमाल, हातगाड्या, "साइड, साइड" चा गलका. आणि वर माडीवर गोदक्काची मशिन. साडी कुणाच्या लग्नाची, कुणाच्या डोहाळजेवणाची, कुणाच्या मुंजीची. नेसणारी बाई तिला कधी दिसायची नाही. पण पायाशी फॉल लावता लावता गोदक्का तिच्याशी बोलायची, म्हणजे गायची. तिची आई जात्यावर ओव्या म्हणायची. जातं गेलं, मशिन आली, ओवी काही गेली नाही. मशिनच्या पायट्याचा ठेका धरून ती म्हणायची,

*परक्याची ग ही साडी, हिचा पदर जरतारी*
*टाका माझा ग लपला, तिच्या पायाशी, किनारी.*

संहिता लहानपणापासून झोपेची चोर. हर्ष आडवा झाला की ओंडका. ही मात्र डोळे टक्क उघडे ठेवून खालच्या बोळातली शटरं पडताना मोजायची. मग गोदक्का अर्धी साडी तशीच सोडून यायची, खोबरेल तेलाचं बोट तिच्या टाळूवर फिरवायची,

*भाऊ माझा रघुपती, दोन लेकरं पाठीशी*
*नीज नीज ग साळुंके, आत्या बसली उशाशी.*

दुसरी ओळ संपायच्या आत संहिताला झोप लागलेली असायची. पुढच्या ओळी कुठल्या, हे तिला कधी कळलंच नाही.

"पण एक आहे," सुभद्राकाकूंनी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की काकूंचं अधिक लांब ऐकू जायचं. "बोललेलं लागलं की गोदक्का भांडायची नाही. निघायची. कोलारला दिली होती ना, ते घर सोडलं तेव्हा कुणाला एक अक्षर बोलली? दोन लुगड्यांचं बोचकं केलं आणि निघाली. चिकपेटात आली ती पुन्हा त्या दिशेला तोंड केलं नाही. का आलीस म्हणून विचारलं तर म्हणायची, 'तिथं हवा नव्हती.' कोलारात हवा नाही! आता तेव्हा दोन लुगडी, या वेळी दोन साड्या. समजायचं ते समजा."

समजायचं ते सगळे समजले आणि सगळ्यांची नजर दाराकडे गेली. बाहेर पायरीवर हर्ष बसला होता, घराकडे पाठ करून.

त्या सकाळी घरात काय झालं हे गल्लीला ठाऊक होतं, म्हणजे चिकपेटलाही ठाऊक होतं. गोदक्काला आताशा धड दिसत नव्हतं, तरी ती उजाडताच मशिनवर बसली आणि सुई बोटातून आरपार गेली. रक्त पाहून हर्षचा तोल गेला. "साकु, अक्का! साकु झालं आता!" पुरे झालं, पुरे. हे त्यानं इतक्या जोरात म्हटलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मशिन उचलून त्यानं माळ्यावर टाकली आणि कामावर निघून गेला. तासा-दोन तासांत गोदक्का पिशवी घेऊन बाहेर पडली. त्यानंतर हर्ष कुणाशी धड बोललाच नव्हता. घास घ्यायचा, ताटात बोट फिरवायचा, उठायचा. गालाची हाडं वर आली होती.

"वर्षश्राद्ध आम्ही चिकपेटात करू," काकू म्हणाल्या. "फोटोही आजच घेऊन जाते. ज्या घरातून रुसून निघाली, त्या घरच्या भिंतीवर तिला टांगून ठेवायचं म्हणजे... काय रे हर्षा?"

हर्षनं मान न वळवता म्हटलं, "सरी."

एवढंच. ते 'सरी', म्हणजे 'बरं', संहितानं ऐकलं. ती उठली, पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

तिथं हर्षची बायको कस्तुरी कोशिंबीर कालवत होती. कस्तुरी आनेकलचीच, कन्नड घरातली. मराठी शिकली ती गोदक्काकडून, त्यामुळं तिच्या मराठीत गोदक्काच बोलायची. ती खालच्या आवाजात म्हणाली, "रुसल्या नव्हत्या हो त्या, संहितक्का. मी किती वेळा सांगितलं. बोटाला चिंधी बांधून दिली तर मलाच म्हणतात, 'तुझा नवरा मशिनवर ओरडला ग, माझ्यावर नाही.' जाताना इथं दारात उभ्या राहून हसल्या. 'कस्तुरी, जाऊन येते' म्हणाल्या."

"मग हे काकूंना सांग की."

"सांगितलं. तर म्हणाल्या, जाऊन येते तर सगळेच म्हणतात. म्हणायचंच असतं ते. सरणावर ठेवलेलाच तेवढा म्हणत नाही."

संहितानं कोथिंबिरीची जुडी उचलली, खाली ठेवली. बाहेर पूजा आटोपून भटजी निघाले होते आणि मुकुल त्यांना गाडीनं स्टँडवर सोडायला चालला होता. चपला घालता घालता तो नेहमीच्या सवयीनं सगळ्यांना म्हणाला, "बरं, येतो हं."

"ये बाबा, ये," सुभद्राकाकू म्हणाल्या. "भात लावून ठेवू का?"

आणि या वेळी मात्र घर मोकळेपणी हसलं. मुकुल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. भटजींना काही कळेना. तेव्हा आप्पाजींनी त्यांना उंबऱ्यातच थांबवून ती गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. हसून की कशानं, ते कळायला मार्ग नव्हता.

"नवीन जावई हो. पहिल्यांदा चिकपेटला आला. चहा झाला, फराळ झाला, उठला. 'येतो, गोदक्का' म्हणाला आणि जिना उतरला. आमच्या अक्काला वाटलं, पोरगा बाजारात काहीतरी आणायला गेलाय, येतो म्हणाला म्हणजे येणार. तिनं भात लावला. सांडगे तळले. रघुपतीला जेवू देईना, जावयाआधी कसा जेवतोस म्हणून. बोळातली सगळी दुकानं मिटली, ही आपली माडीच्या खिडकीत!"

"आणि दुसऱ्या दिवशी," सुभद्राकाकूंनी गोष्ट ओढून घेतली, "संहिताला फोन. 'अगं, तुझा नवरा येतो म्हणाला तो आलाच नाही. चिकपेटात वाट चुकला का बघ!' हिनं समजावलं, की अक्का, पुण्याच्या लोकांत निघताना येतो असंच म्हणतात. तर गोदक्का म्हणते कशी, 'मग येताना काय म्हणतात?' ही म्हणाली, तेव्हाही येतोच. 'अय्यो! मग माणूस येतोय की जातोय हे त्याच्या बायकोला कळायचं कसं?'"

भटजीही हसले. आप्पाजी डोळे पुसत म्हणाले, "शेवटपर्यंत चिडवायची मुकुलला. म्हणायची, आपल्यात असा घोळ नाही हो. निघाले तर जाऊन येते. येणार असले तर येते. टाका तिथल्या तिथं."

भटजी गेले, मुकुल गेला, हसू ओसरलं. कस्तुरी आतून म्हणाली, "संहितक्का, पाणी सांडतंय." संहिताच्या हातातला तांब्या कलला होता आणि पाणी तिच्याच पायावरून वाहत होतं.

मागच्या दारानं ती बाहेर पडली. मागं पाण्याची टाकी, दोरीवर वाळणारे कपडे, पलीकडे रागीचं शेत आणि त्याच्या कडेला कारखान्याचे पत्रे. ती टाकीपासून दोरीपर्यंत गेली, दोरीपासून टाकीपर्यंत आली. तो फोन तिनं आठवला. तसा रोजच आठवत होती. पण आठवत होती ती स्वतः सांगितलेली गोष्ट. निरोप घेतला, निरोप घेतला. आज तिनं गोदक्काचे शब्द आठवले, जसेच्या तसे.

"बरी आहेस ना ग?"

"बरी आहे. झोप नाही लागत, बाकी काही नाही."

"केव्हापासून?"

"झाले बरेच दिवस. डोळा मिटला की डोकं चालू होतं. मुकुलही टूरवर गेलाय, घर खायला उठतं."

पलीकडं पंख्याचा आवाज. मग, "सरी. येते."

"हं. बाय, अक्का."

येते. जाऊन येते नव्हे. येते!

संहिता तशीच उभी राहिली. इतकी वर्षं पुण्याच्या माणसांत नांदून तिचा कान पुण्याचा झाला होता. मुकुल येतो म्हणाला की गेला, सासूबाई येते म्हणाल्या की गेल्या. फोनवर येते म्हणालं की फोन ठेवायचा. चिकपेटच्या माडीवर वाढलेली पोर ती. पण गोदक्काचं तोंड चिकपेटचं राहिलं आणि हिचा कान तेवढा बदलला. गोदक्कानं येते म्हणून सांगितलं होतं. पोरीला झोप नाही म्हणून दोन साड्या पिशवीत टाकून ती उशाशी बसायला निघाली होती. आणि पोरगी हं म्हणाली होती. म्हणजे ये म्हणाली होती.

आणि त्या वेळी एचएसआरच्या घराला कुलूप होतं. संहिता कधी घरून काम करायची, कधी ऑफिसात जायची. गोदक्काला ते गणित कधी उमगलंच नाही. ती सिल्क बोर्डच्या त्या रणधुमाळीत उतरली असती, रस्ता ओलांडला असता, रिक्षावाल्याशी वाद घातला असता, आणि कुलपासमोर येऊन उभी राहिली असती. संहिताला मनात तिला बसमधून उतरवताच येईना. उतरवली की कुलूप, आणि बसमध्येच ठेवली की तो खांदा.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायचं कारणही नव्हतं. आत सगळ्यांच्या लेखी ती भाग्याची होती. एक शब्द पोटात ठेवला तर ती जन्मभर भाग्याचीच राहणार होती. वर्षातून एकदा चिकपेटात श्राद्धाला जायचं, पानावर बसायचं, आणि समोर हर्ष पाहुण्यासारखा बसलेला पाहायचा. तो रुसून गेलेल्या आत्याचा भाचा, आणि ही निरोप मिळालेली. एकाच मांडीवर वाढलेली दोघं.

तिनं दोरीवरचे सुकलेले कपडे काढले. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. कपडे तसेच टाकीवर टाकून ती आत गेली.

आत हर्ष स्टुलावर चढला होता. तोच फोटो काढून देत होता. सुभद्राकाकू खाली एक जुनी साडी पसरून उभ्या होत्या, फोटो गुंडाळायला. "सांभाळ रे, काच आहे," त्या म्हणत होत्या. मुकुल नुकताच परत आला होता आणि दारात चपला काढत होता.

"फोटो राहू दे," संहिता म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "हर्षा, खाली उतर. ती रुसून नव्हती निघाली. माझ्याकडे निघाली होती."

"आता हे काय नवीन?" काकू म्हणाल्या. "तुझा तर निरोप घेतला ना तिनं?"

"निरोप घेतला असं मी म्हणाले. ती नव्हती म्हणाली. ती 'येते' म्हणाली."

"मग तेच ना," मुकुल दारातून म्हणाला. "येते म्हणजे निरोपच की."

"तुमच्यात!" स्वयंपाकघराच्या दारातून कस्तुरी ओरडली, आणि आपण जावयावर ओरडलो हे लक्षात येऊन तिनं जीभ चावली.

आप्पाजी हळूहळू सरळ बसले. उभा जन्म त्यांनी चिमटीत कापड धरून पोत ओळखला होता. आता ते दोन शब्द त्यांनी तसेच चिमटीत धरले. "थांबा, थांबा. कस्तुरी, निघताना तुला काय म्हणाली?"

"जाऊन येते."

"अगदी असंच?"

"अगदी असंच. दारात हात ठेवून."

"आणि संहिता, तुला?"

"सरी. येते."

"त्याआधी तू काय बोललीस?"

"झोप लागत नाही म्हणाले. घर खायला उठतं म्हणाले."

आप्पाजींनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "जिथून निघाली तिथं जाऊन येते म्हणाली. जिथं पोचायचं होतं तिथं येते म्हणाली. आमची अक्का बोलण्यात टाका चुकवायची नाही, सुभद्रे. आपल्याकडे नव्हती येत ती. आणि कुणावर रुसलीही नव्हती."

सुभद्राकाकू पसरलेल्या साडीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. गोष्टीचं दुसरं टोक शोधल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "मग तू होतीस का ग घरी?"

"नाही. ऑफिसात होते. दाराला कुलूप होतं."

"आणि येते म्हटल्यावर तू काय म्हणालीस?"

"हं म्हणाले."

"काकू, तिला काय कल्पना..." मुकुल पुढं सरसावला.

"असू दे," संहिता म्हणाली.

आता तिला कुणी भाग्याची म्हटलं नाही. एका म्हातारीनं च्-च् केलं, दुसरीनं समईकडे पाहिलं. एवढ्या उन्हात ऐंशी वर्षांची बाई घराबाहेर पडली ती हिच्या झोपेपायी, हे खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात आलं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसलं. संहितानं ते पाहिलं. पाहायला लागणार होतंच.

हर्ष अजून स्टुलावरच होता, फोटो छातीशी धरून. "म्हणजे मी ओरडलो म्हणून नाही?"

"नाही रे."

"परत येणार होती?"

"दोन साड्या घेतल्या होत्या ना. म्हणजे दोन दिवस. मला झोपवून ती तुझ्याकडेच आली असती. आणि माळ्यावरून मशिन खाली काढायला लावली असती, तुझ्याच हातून."

हर्ष उतरला तो उतरता उतरता बसलाच, स्टुलाच्या पायाशी. इतके दिवस कोरडा राहिलेला माणूस लोकांसमोर हमसून हमसून रडला. फोटोची काच ओली झाली. कस्तुरीनं येऊन आधी काच पुसली, मग त्याचं तोंड, एकाच पदरानं. नंतर स्टुलावर चढून तिनं फोटो पुन्हा खिळ्याला लावला. तिरका लागला. कुणी सरळ केला नाही.

सुभद्राकाकू चुकले वगैरे म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी साडीची घडी केली, पिशवीत कोंबली आणि कमरेला पदर खोचला. "बघत काय बसलात? अन्न निवतंय. पानं मांडा. हर्षा, ऊठ, पहिल्या पंगतीला तू. गालफडं बघ, आरशात ओळखशील का स्वतःला?"

पंगत बसली. केळीच्या पानांवर पाणी शिंपडलं गेलं. संहिता वाढायला उभी राहिली. बसून राहणं तिला आताही जमणार नव्हतं. कोशिंबीर, भाजी, वरण. हर्ष जेवत होता. पहिला घास त्यानं खूप वेळ चावला, मग दुसरा लवकर घेतला, आणि मग कुणाकडे न पाहता जेवतच राहिला. कस्तुरी दारात उभी राहून त्याचे घास पाहत होती.

भाताचं पातेलं घेऊन संहिता त्याच्या पानापाशी आली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. "तुला माहीत होतं, हे सांगितल्यावर तुलाच बोलतील."

"हो."

"मग कशाला?"

तिनं हात सोडवून घेतला आणि भाताचा डाव भरला. तेवढ्यात पंगतीच्या त्या टोकाकडून सुभद्राकाकूंचा तो खाली आणलेला आवाज आला. शेजारणीला सांगत होत्या, "एवढी शिकलेली हो, पण घरच्या माणसाचा साधा एक शब्द नाही कळला हिला."

सगळ्यांनी ऐकलं. संहिताचा डाव हवेतच थांबला.

"कळला, काकू," हर्ष तोंडात घास असतानाच मोठ्यानं म्हणाला. "उशिरा कळला, पण हिलाच कळला. तुम्ही आपल्या फोटो न्यायला आला होता."

पंगतीत कुणी खोकलं, कुणी पाणी मागितलं. आप्पाजींनी मान खाली घालून वरणात भात कालवला. संहितानं हर्षच्या पानावर भात घातला, वर आणखी एक डाव घातला, आणि पातेलं कमरेवर घेऊन पुढच्या पानाकडे वळली. पंगत मोठी होती.